नातू माझ्या गोळ्या मोजतो – सांभाळणाऱ्याच्या मनाचा मुलावर होणारा परिणाम

कातरवेळ (धागाकर्ती)
सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, लिहायला आज पहिल्यांदा बसले आहे. लांबेल, सांभाळून घ्या.

मी ६१ वर्षांची. लेकीचा मुलगा सव्वा वर्षापासून माझ्याकडे आहे, आता साडेसात वर्षांचा झाला. लेक व्यसनात अडकली. सुरुवात दुखण्यावरच्या गोळ्यांनी झाली, पुढे सगळं हाताबाहेर गेलं. एका दुपारी ती जमिनीवर पडली होती, हलवून उठत नव्हती, आणि हा तिच्या शेजारी दोन तास बसून होता. ती वाचली. उपचार घेते, मध्येच सोडते, पुन्हा घेते. मुलाचा ताबा रीतसर माझ्याकडे आला.

त्याचं सगळं मी करते. शाळा, अभ्यास, दुखलंखुपलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की मुलगा छान रुळलाय. पण गेले पाच-सहा महिने मी ठीक नाही. पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही. कपड्यांच्या घड्या घालायला बसते आणि त्याचा एक सदरा हातात धरून किती वेळ गेला ते समजत नाही. तो शाळेतलं काहीतरी सांगत असतो, मी "हं" म्हणते, आणि थोड्या वेळाने त्याने काय सांगितलं तेच आठवत नाही. मी त्याच्यावर ओरडत नाही, हात तर कधीच उगारला नाही. पण मी तिथे नसतेच.

मागच्या आठवड्यात रात्री कपाटाचा आवाज आला म्हणून उठले. हा स्टुलावर चढून माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी घेऊन उभा. एकेका कप्प्यावर बोट ठेवून मोजत होता. मला बघून दचकला, म्हणाला, "तेरा आहेत. काल चौदा होत्या." मी म्हटलं, "अरे, रोज एक घेते ना मी." तर म्हणाला, "माहितीये. म्हणूनच मोजतो. एकच गेली पाहिजे."

किती दिवस मोजतोय, तर दिवाळीच्या सुट्टीच्याही आधीपासून.

माझ्या डॉक्टरांनी नैराश्य आहे असं सांगून गोळ्या लिहून दिल्यात. ती चिठ्ठी आठ दिवस पर्समध्ये घडी घालून ठेवली आहे. एक तर घरात आणखी एक पट्टी आली की या पोराचं काय होईल, ही भीती. आणि दुसरी भीती लिहितानाही हात थरथरतो: माझ्या नावापुढे 'नैराश्य' लागलं तर त्याला माझ्याकडून काढून घेतील का?

कुणी यातून गेलंय का?

---

अबोली_१२
मंगळवार, सकाळी ६:३८

ताई, आधी मिठी. तुम्ही लिहिलंत हेच फार मोठं आहे.

मी फॉस्टर आई आहे, म्हणजे ज्या मुलांना स्वतःच्या घरी राहता येत नाही, त्यांना काही काळ माझ्या घरी सांभाळते. आजवर तीन मुलं माझ्याकडे राहून गेली, चौथी मुलगी सध्या आहे. माझं नातं रक्ताचं नाही, त्यामुळे तुमचं दुःख मला पूर्ण कळेल असं म्हणणार नाही. पण ते 'मी तिथे नसतेच' हे वाक्य माझं आहे.

दुसऱ्या मुलाच्या वेळी माझं असं झालं होतं. तो मला जवळ येऊ द्यायचा नाही. आठ महिने मी प्रेमाने बोलायचे आणि तो भिंतीकडे तोंड करायचा. नवव्या महिन्यात लक्षात आलं की माझ्या मनात त्याच्याविषयी काहीच उरलेलं नाही. अंघोळ, दप्तर, झोप सगळं वेळेवर व्हायचं, पण यंत्रासारखं. मला वाटायचं मी वाईट बाई आहे, मुलं घ्यायची माझी लायकीच नाही.

पुढे एका प्रशिक्षणात कळलं की याला नाव आहे. डॅन ह्यूज आणि जोनाथन बेलिन या दोघांनी २०१२ मध्ये 'ब्लॉक्ड केअर' असा शब्द वापरला. त्यांच्या मते मूल सतत झिडकारत राहिलं किंवा ताण फार साचला, की सांभाळणाऱ्याच्या मेंदूतला माया लावणारा भागच स्वतःला वाचवण्यासाठी मिटून घेतो. कर्तव्य चालू राहतं, ओढ थांबते. ऐकलं तेव्हा मी प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर रडले. कारण त्याला नाव आहे म्हणजे माझ्याआधी कुणीतरी यातून गेलंय.

चिठ्ठीतली औषधं आणा, ताई. बाकीचं बोलू.

---

सरळरेघ
मंगळवार, सकाळी ९:१५

कुणाला दुखवायचं नाही, पण एक विचारतो. आपल्या आधीच्या पिढ्यांनी भावाची, बहिणीची, दिराची मुलं सांभाळलीच ना? तेव्हा कुठे नैराश्य आणि गोळ्या होत्या? मुलाला दोन वेळचं पोट, शाळा आणि शिस्त मिळाली की ते वाढतं. मोठ्यांच्या मनात काय चाललंय ते मुलांपर्यंत पोहोचतं तरी का? साडेसात वर्षांच्या मुलाला यातलं काय कळणार!

---

वाटसरू७
मंगळवार, दुपारी १:०४

सरळरेघ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण मी तेच मूल होतो.

आईवडील गेल्यावर सहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत काका-काकूंकडे वाढलो. आज ३३ वर्षांचा आहे. पोट, शाळा, शिस्त, तिन्ही भरपूर मिळालं आणि त्याबद्दल मी आयुष्यभर कृतज्ञ आहे. काकूने मला स्वतःच्या मुलांपेक्षा कधी वेगळं वागवलं नाही.

पण काकू वर्षातले काही महिने विझायची. तेव्हा कुणी त्याला आजार म्हटलं नाही, "तिचं डोकं दुखतंय" एवढंच. मला कळायचं का? सगळं कळायचं. पायऱ्या चढताना तिच्या चपलांचा आवाज कसा येतोय त्यावरून मी ठरवायचो, आज समोर जायचं की नाही. ती भांडी आपटत असेल तर बरं, म्हणजे राग आहे, जाईल. आवाजच नसेल तर पोटात गोळा यायचा. तिच्या सख्ख्या मुलांना तसं होत नसे. ती खेळायला पळायची. त्यांना माहीत होतं की आई रुसली तरी आई आहे. माझं तसं नव्हतं. मी एकदा घर गमावलेलं होतं. ती गप्प झाली की मला एकच अर्थ लागायचा, की आता मला इथून पाठवणार.

म्हणून मी फार 'गुणी' मुलगा झालो. काही मागितलं नाही, कधी आजारी पडलो नाही. ताप असला तर सांगायचो नाही. सगळे कौतुक करायचे. पलंगाखाली एका पिशवीत दोन जोड कपडे, वही आणि आईचा फोटो बारा वर्षं भरून ठेवलेला होता. ती पिशवी मी लग्नानंतर उघडली.

कातरवेळ ताई, तुमचा नातू मोजतो, म्हणजे त्याला अजून आशा आहे की लक्ष ठेवलं तर आजी राहील. त्याचं हे काम त्याच्या हातून काढून घ्या. पण "मोजू नकोस" असं सांगून नाही.

---

मनोमन
मंगळवार, रात्री १०:२०

मी मुलांसोबत काम करणारी मानसशास्त्रज्ञ. वाटसरूंनी लिहिलंय त्यानंतर माझ्याकडे सांगण्यासारखं थोडंच उरतं, पण सरळरेघ यांचा प्रश्न मला पालकसुद्धा रोज विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. आई काही महिन्यांच्या बाळाशी हसत-खेळत असते. मग तिला सांगतात की दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी कोरा ठेव, बाळाकडे बघ पण काही प्रतिसाद देऊ नकोस. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. मग हिरमुसतं आणि मान फिरवून घेतं. कुणी त्याला मारलं नाही, रागावलं नाही. समोरचा चेहरा परत येईना, एवढंच घडलं. जे चार महिन्यांच्या बाळाला कळतं ते साडेसात वर्षांच्या मुलाला कळणार नाही, असं कसं म्हणू?

याचा पुढचा भाग सहसा सांगायचा राहतो: आईचा चेहरा परत आला की दोघं थोड्या वेळात पुन्हा जुळतात. नात्यातली तुटलेली तार पुन्हा जोडली जाते, यावर मुलांचा विश्वास बसतो तो अशा लहान लहान जोडण्यांतून. चोवीस तास हसरा चेहरा कुणालाच जमत नाही आणि मुलाला त्याची गरजही नसते.

आता फॉस्टर केअरबद्दल. मेरी डोझिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ५० फॉस्टर माता आणि त्यांच्याकडच्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही बाळं जन्मदात्यांपासून आधीच दुरावलेली होती. तरीही त्यांचं नव्या आईशी नातं कसं जडलं, हे बरंचसं त्या आईने स्वतःच्या लहानपणीच्या नात्यांचा मनात कसा मेळ घातला आहे त्याच्याशी जुळत होतं, सख्ख्या आई-बाळांत जुळतं तसंच. मला या अभ्यासाने फार धीर दिला आहे. मागे काय घडलं ते मुलाबरोबर येतंच, पण आता समोर कोण आहे आणि त्याच्या मनाची स्थिती काय आहे, यालाही तितकंच वजन आहे.

आणि ताई, तुमच्या चिठ्ठीसाठी हे खास. २००६ मध्ये मिर्ना वाइसमन यांनी नैराश्यावर उपचार घेणाऱ्या आयांच्या मुलांचा अभ्यास मांडला, १५१ आई-मुलांच्या जोड्या. तीन महिन्यांत ज्या आयांचं नैराश्य पूर्ण उतरलं, त्यांच्या मुलांमधलं मानसिक आजारांचं प्रमाण ११ टक्क्यांनी घटलं. ज्यांचं उतरलं नाही, त्यांच्या मुलांत ते ८ टक्क्यांनी वाढलं. त्या सख्ख्या आया होत्या, आज्या किंवा फॉस्टर माता नव्हत्या, हे खरं. पण दिशा स्पष्ट दिसते. तुमच्यावरचा उपचार हा त्याच्यावरच्या उपचाराचा भाग आहे.

---

भाच्यांचा_मामा
बुधवार, रात्री १२:४७

रात्रीच वेळ मिळतो. बहीण अपघातात गेली, मेहुणे आधीच वेगळे झालेले. दोन भाचरं, अकरा आणि पाच, दोन वर्षं माझ्याकडे. मी ३६, एकटा.

इथे सगळ्या जणी रडण्याबद्दल, विझण्याबद्दल लिहितायत. मी रडत नाही. मी चिडतो. पाण्याचा पेला सांडला तरी आवाज चढतो. काल धाकट्याच्या बुटाची नाडी सुटेना आणि मी तो बूट भिंतीवर फेकला. त्याला लागला नाही. तो काही बोलला नाही, जाऊन बूट उचलून आणला आणि माझ्या हातात दिला. "मामा, मी वेल्क्रोवाले घालतो" म्हणाला. पाच वर्षांचं पोर मला वाट काढून देत होतं.

हे नैराश्य असू शकतं का? की मी फक्त वाईट माणूस आहे?

---

मनोमन
बुधवार, सकाळी ७:५५

मामा, असू शकतं. पुरुषांत नैराश्य बऱ्याचदा चिडचिड, अंगदुखी, कामात बुडवून घेणं किंवा दारू अशा रूपात दिसतं आणि म्हणून ओळखू येत नाही. मी इथून निदान करू शकत नाही आणि करणारही नाही. पण 'पीएचक्यू-९' नावाची नऊ प्रश्नांची यादी असते, मागच्या दोन आठवड्यांत काय काय किती दिवस वाटलं ते विचारणारी. गुण ० ते २७. दहा किंवा त्याहून जास्त आले की डॉक्टरांकडे जायचंच असं समजा. नववा प्रश्न जगणं नको वाटण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याबद्दलचा आहे. त्याचं उत्तर 'अजिबात नाही' यापेक्षा वेगळं आलं, तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला.

आणि धाकट्याला आजच सांगा. "काल मी बूट फेकला ते चुकलं. तुझी चूक नव्हती. मामा दमलाय आणि त्यावर मदत घेणार आहे." तीन वाक्यं पुरतात. लांबलचक माफी मागितलीत तर तोच तुम्हाला समजावत बसेल.

बहिणीसाठी तुम्ही कधी थांबलात का? तुम्ही लिहिलंत त्यात ती एका ओळीत येते आणि जाते.

---

भाच्यांचा_मामा
बुधवार, सकाळी ८:०२

नाही थांबलो. अंत्यसंस्कारांच्या दुसऱ्या दिवशी मुलांच्या शाळेत फॉर्म भरत होतो.

---

फाइलबाहेर
बुधवार, दुपारी ३:३०

मी मुलांच्या पर्यायी सांभाळाच्या क्षेत्रात अठरा वर्षं समाजकार्यकर्ती आहे. कातरवेळ ताईंच्या दुसऱ्या भीतीवर अजून कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

"आजार सांगितला तर मूल काढून घेतील." ही भीती मी जवळजवळ प्रत्येक घरात पाहते आणि ती उगाच आलेली नाही. आमच्या व्यवस्थेने लोकांना ती शिकवली आहे. घरभेटीला जातो तेव्हा आमच्या हातात मुलाची फाइल असते: वजन, लसी, हजेरी, वर्तन. सांभाळणाऱ्याचं नाव आणि सही पहिल्या पानावर. तुम्ही कशा आहात, झोप लागते का, हे विचारायला त्या फाइलमध्ये रकाना नसतो. जिथे प्रश्नच विचारला जात नाही, तिथे उत्तर दिलं तर काय होईल हे कळणार कसं?

नियम जागोजागी वेगळे असतात, त्यामुळे मी शब्द देऊ शकत नाही. पण मूल्यांकन करताना आम्ही निदानाच्या शब्दाकडे बघून निर्णय घेत नाही. मूल सुरक्षित आहे का आणि मोठं माणूस मदत घेतंय का, हे बघतो. उपचार चालू आहेत असं डॉक्टरांचं पत्र हा तुमच्या बाजूचा कागद आहे. माझ्या डोळ्यांसमोर जी घरं तुटली, त्यांतली बहुतेक गप्प राहून तुटली. सगळं छान चाललंय असं दोन वर्षं सांगत आलेली बाई एका रात्री फोन करते: "उद्या सकाळी येऊन घेऊन जा, मला आता एक दिवसही होणार नाही." मूल दारात दप्तर घेऊन उभं असतं. तो फोन कुणी वाईट माणूस करत नाही.

अमेरिकेत पॅट्रिशिया चेंबरलेन यांच्या गटाचा २००६ चा अभ्यास आम्हाला शिकवला होता. फॉस्टर आणि नात्यातल्या घरांतली २४६ मुलं. दिवसाला सहापर्यंत त्रासदायक वर्तनं सांभाळणारे झेपवतात, त्यापुढे प्रत्येक जास्तीच्या वर्तनाबरोबर मुलाचं त्या घरातलं राहणं मोडण्याची शक्यता १७ टक्क्यांनी वाढते. शिकले तेव्हा मी फक्त मुलाकडे बघत होते, वर्तन कमी कसं करायचं याकडे. आता वाटतं की 'सहा' हा आकडा मोठ्याच्या ताकदीचाही आहे. पहाटे तीनपासून जागी असलेली बाई सहा झेपवेल का?

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये मुलांच्या पर्यायी सांभाळाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. त्यात फॉस्टर पालकांना मूल येण्याआधी, असताना आणि गेल्यानंतरही आधार आणि समुपदेशन मिळावं, असं म्हटलेलं आहे. 'गेल्यानंतरही' हा शब्द मी तरुण सहकाऱ्यांना मुद्दाम दाखवते. मूल आपल्या घरी परतलं की आम्ही फाइल बंद करतो, आणि ज्या घरातून ते गेलं तिथे पलंग तसाच असतो.

ताई, तुमच्या कार्यकर्तीकडे 'विश्रांतीचा सांभाळ' मिळतो का ते विचारा, म्हणजे आठवड्यातले काही तास किंवा महिन्यातले एक-दोन दिवस मूल ओळखीच्या दुसऱ्या माणसाकडे. फक्त त्या दिवसाची मुलाला आधी कल्पना द्या, परत घ्यायला कधी येणार ती वेळ सांगा, आणि ती पाळा.

---

अबोली_१२
बुधवार, सायंकाळी ५:१०

'गेल्यानंतरही' यासाठी धन्यवाद. पहिली मुलगी दोन वर्षांनी तिच्या आईकडे परत गेली. चांगलं झालं, तेच व्हायला हवं होतं. लोक म्हणाले, "तुला माहीतच होतं ना ती जाणार." चार आठवड्यांत दुसरं मूल आलं आणि मी त्याच्यात तिला शोधत राहिले. माझं ते मिटून जाणं तिथूनच सुरू झालं असावं, हे आज लिहिताना पहिल्यांदा जाणवतंय.

---

कातरवेळ
गुरुवार, पहाटे ४:१५

सगळं दोनदा वाचलं. वाटसरू, तुमची पिशवी डोळ्यांसमोरून हलत नाही. काल त्याच्या पलंगाखाली वाकून पाहिलं. पिशवी नाही, पण बूट उशाशी असतात. मला वाटायचं शिस्त लागली.

मनोमन ताई, तुम्ही मामांना बहिणीबद्दल विचारलंत, तो प्रश्न मी स्वतःला विचारला. माझी लेक जिवंत आहे. कुणी समाचाराला येत नाही. रडायला कारण काय सांगू? महिन्यातून एकदा फोन येतो, कधी तिचा आवाज तिचा असतो, कधी नसतो. फोन ठेवला की तो विचारतो, "आज आई बरी होती?" आणि मी खोटं बोलते. तो तिच्यासाठी झुरतो आणि मीही तिच्यासाठीच झुरते, आणि आम्ही दोघं एकमेकांपासून ते लपवतो.

गोळ्या आणल्या आहेत. अजून सुरू केल्या नाहीत. त्याला काय सांगू?

---

सरळरेघ
गुरुवार, सकाळी ८:४०

परवाच्या माझ्या लिहिण्याबद्दल माफी मागतो. वाटसरूंचं वाचून माझ्या आजोळी वाढलेल्या एका चुलतभावाची आठवण झाली. त्यालाही आम्ही सगळे गुणी म्हणायचो.

तरी एक शंका मनापासून विचारतो. मुलाला हे सांगून त्याच्यावर ओझं नाही का टाकणार? आजीला आजार आहे हे कळलं तर तो आणखी घाबरेल.

---

वाटसरू७
गुरुवार, सकाळी ९:२२

तो घाबरलेलाच आहे, दादा. कळलं नाही की मूल स्वतःच्या डोक्याने कारण शोधतं, आणि त्या कारणात नेहमी स्वतःला बसवतं. मी वर्षानुवर्षं समजत होतो की काकू माझ्यामुळे आजारी आहे, एक तोंड जास्त झालं म्हणून. कुणी एकदा "हा आजार आहे, तू यायच्या आधीपासून आहे" एवढं म्हटलं असतं, तरी मी ती पिशवी सोडली असती.

---

मनोमन
गुरुवार, सकाळी ११:००

ताई, तुमच्या दुःखाला पॉलीन बॉस या संशोधिकेने 'अॅम्बिग्युअस लॉस', म्हणजे धूसर राहिलेलं गमावणं, म्हटलंय. माणूस आहे आणि नाहीही, म्हणून शोक करायला जागाच मिळत नाही. नात्यात मूल सांभाळणाऱ्यांत हे फार असतं, कारण मुलाचं जे हरवलं तेच त्यांचंही हरवलेलं असतं. मेरेडिथ मिंकलर यांच्या १९९७ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात नातवंडं वाढवणाऱ्या आजी-आजोबांत नैराश्याचं प्रमाण इतर आजी-आजोबांच्या जवळजवळ दुप्पट आढळलं होतं. तुम्ही कमकुवत आहात म्हणून हे झालेलं नाही.

गोळ्यांबद्दल. दोन्ही पट्ट्या आजपासून कुलपात ठेवा. साडेसात वर्षांचं मूल रात्री स्टुलावर चढून औषधं हाताळतंय, हे कितीही मायेपोटी असलं तरी धोक्याचं आहे. पण नुसतं कुलूप लावलंत तर त्याच्यासाठी ते सगळ्यात भयंकर होईल, कारण त्याच्या आईच्याही गोळ्या लपवलेल्या असणार. म्हणून कुलूप लावायच्या आधी त्याला बसवून सांगा. ही गोळी कशाची, कोणत्या डॉक्टरांनी दिली, दिवसाला किती. आईच्या गोळ्यांत आणि या गोळ्यांत फरक काय. जमलं तर तुमच्या डॉक्टरांच्याच तोंडून त्याला ऐकू द्या. आणि हे लक्ष ठेवायचं काम एका मोठ्या माणसाला द्या, त्याच्यासमोर, नाव घेऊन: "आता हे अमुक बघणार."

परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. मध्येच स्वतःहून बंद करू नका.

आणि फोननंतर खोटं बोलू नका. "आज आई बरी नव्हती. मलाही वाईट वाटलं." एवढंच. मग दोघं मिळून काहीतरी करा, पायी फिरून या.

---

कातरवेळ
सहा आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:३०

बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं, म्हणून लिहिते.

गोळ्या सुरू करून पाच आठवडे झाले. पहिले दहा दिवस मळमळ झाली, तेव्हा सोडून द्याव्यात असं फार वाटलं. आता पहाटे पाचपर्यंत झोप लागते. दर पंधरा दिवसांनी समुपदेशकांकडे जाते. कार्यकर्तीला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आजी, आधी का नाही सांगितलंत?" आणि फाइलच्या मागच्या कोऱ्या पानावर काहीतरी लिहून घेतलं. महिन्यातले दोन शनिवार तो माझ्या धाकट्या बहिणीकडे जातो. पहिल्या शनिवारी घड्याळ घेऊन गेला होता.

डॉक्टरांकडे त्याला नेलं. त्याने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "दोन घेतल्या तर आजी उठणार नाही का?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि नीट उत्तर दिलं. ही गोळी काय करते, किती द्यायची हे आपण का ठरवलं, चुकून जास्त घेतली तर कुणाला फोन करायचा, आणि तो फोन करणं हे मोठ्यांचं काम आहे, हेही. बहिणीचं नाव त्याच्यासमोर घेतलं, ती दर रविवारी व्हिडिओ कॉलवर पट्टी बघते.

मागच्या महिन्यात लेकीचा फोन आला, आवाज तिचा नव्हता. ठेवल्यावर त्याने विचारलं. मी म्हटलं, "नाही रे, आज बरी नव्हती." तो म्हणाला, "मला कळलं होतं." मग म्हणाला, "तुला रडायचंय का?" मी म्हटलं, "थोडं." आम्ही दोघं जिन्यात बसून रडलो. नंतर त्याने शाळेतली एक लांबलचक गोष्ट सांगितली, एका मुलाच्या हरवलेल्या कंपासपेटीची. मला ती अजून पूर्ण आठवते.

बूट अजून उशाशीच असतात. मी काही म्हणत नाही. मोजणंही पूर्ण थांबलेलं नाही, पण आता रविवारी बहिणीचा कॉल लागला की माझ्या मांडीला टेकून, मोठ्याने मोजतो. आज अकरापर्यंत मोजलं आणि मध्येच मांजर दिसलं म्हणून उठून पळाला. उरलेल्या बहिणीने मोजल्या.

मामा, तुम्ही कसे आहात?

---

भाच्यांचा_मामा
रविवार, रात्री ११:५८

नऊ प्रश्नांचे १७ गुण आले, आजी. तिसऱ्यांदा जाऊन आलो डॉक्टरांकडे. थोरलीने परवा तिच्या आईचे फोटो मागितले. उद्या आम्ही तिघं तो खोका उघडणार आहोत.